कच्चा डाख, पक्का डाख

ही गोष्ट आमच्या घरची आहे. तेव्हा आमच्याकडे शेतीला वीज आलटून पालटून येत असे. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की रात्रीच उसाला पाणी द्यावे लागे.

एका रात्री माझे थोरले दादा दारे धरायला गेले. हातात फावडे. दुसऱ्या हातात बॅटरी. ही बॅटरी चार्जिंगची होती. तिला एक खोड होती. ती मधेच विझायची. तळहातावर एक थापड मारली की पुन्हा पेटायची.

दादा सरीच्या तोंडाशी वाकले. तेवढ्यात बॅटरी विझली. दादांनी थापड मारली. पुन्हा मारली. बॅटरी काही पेटेना. सगळीकडे काळोख. आणि पायाजवळ आवाज आला. कुकरची शिट्टी दबल्या दबल्या वाजावी तसा. फुस्स, फुस्स.

दादांनी आवाज ओळखला. घोणस होती. पण कोठे आहे ते दिसेना. पुढे पाऊल टाकावे तरी भीती, मागे टाकावे तरी भीती. दादा तसेच उभे राहिले. पाणी सरीतून पायावर आले. बऱ्याच वेळाने शेजारच्या मळ्यातला गडी कंदील घेऊन आला. घोणस दादांपासून दोन हातांवर वेटोळे घालून बसली होती.

दादा घरी आले ते संतापलेलेच. बॅटरी कोपऱ्यात फेकून म्हणाले, "उद्या हिला उकिरड्यावर टाका."

वहिनींनी ती उचलून ठेवली. बाजाराच्या दिवशी पिशवीत घातली. मला म्हणाल्या, "भाऊजी, चला. रेडिओवाल्या काकांना दाखवू. थापड मारली की पेटते, म्हणजे ती मेलेली नाही. कुठंतरी काही सुटलंय."

काकांनी काय पाहिले

बाजाराच्या गावी एक म्हातारे काका रेडिओ दुरुस्त करीत. आता लोक त्यांच्याकडे मोबाइलचे चार्जर आणतात, फवारणीचे पंप आणतात, सौर दिवे आणतात. नाव मात्र रेडिओवाले काकाच.

काकांनी चार स्क्रू काढले. बॅटरी उघडली. आत हिरवी पातळ पाटी होती. तिला बोर्ड म्हणतात. बोर्डाच्या एका अंगाला छोटे छोटे भाग बसवलेले असतात. दुसऱ्या अंगाला तांब्याच्या रेघा असतात. या रेघांमधून वीज जाते. घरात भिंतीवर तारा ओढतात ना, तशाच या तारा. फक्त पाटीला चिकटवलेल्या. रेघेच्या टोकाला तांब्याची गोल टिकली असते. टिकलीला मधोमध भोक असते. भागाचा पाय त्या भोकातून येतो, आणि पाय व टिकली डाखाने जोडतात.

काकांनी भिंग वहिनींच्या हाती दिले. "हे बघ पोरी. लाल तारेपाशी काय दिसतं?"

वहिनी म्हणाल्या, "थेंब दिसतोय. गोल. आणि तारेभोवती बारीक चीर आहे."

"तीच तुझी घोणस," काका म्हणाले. "तार टेकली की दिवा पेटतो. हलली की विझतो. कारखान्यातून येतानाच डाख कच्चा राहिला असणार. एवढ्यासाठी लोक सगळी बॅटरी टाकून देतात."

काकांनी आयर्न तापवले. थेंबाला लावले. जराशी तार दिली. धूर निघाला. झाले. मोजून चार सेकंद लागले असतील.

वहिनी पाहतच राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, हे मला शिकवाल?"

"हात भाजेल."

"काका, मी रोज वीस भाकरी करते. बायकांना भाजण्याची भीती घालू नका."

काका हसले. म्हणाले, "मग ये बाजाराच्या दिवशी."

वहिनी तीन महिने जात होत्या. मी पिशव्या धरून सोबत. काका सांगत ते मी वहीत लिहून घेई. ते पुढे दिले आहे.

डाख म्हणजे काय

डाख तुम्हाला नवा नाही. घागर गळू लागली की आपण ती डाख द्यायला नेतो. कोणी डाग म्हणतात, कोणी झाळणे म्हणतात. दुकानात त्यालाच सोल्डर म्हणतात. काम तेच. दोन धातूंच्या मधे तिसरा धातू वितळवून घालायचा. तो थिजला की दोघांना धरून ठेवतो. घागरीला पाणी गळू नये म्हणून डाख. बोर्डाला विजेची वाट अडू नये म्हणून डाख.

दुरुस्तीच्या दुकानात जी डाखाची तार मिळते, तिच्यात बहुधा दोन धातू असतात. कथील आणि शिसे. शंभरात साठ भाग कथील, चाळीस भाग शिसे. आता एक गंमत ऐका. नुसते कथील वितळायला २३२ अंश उष्णता लागते. नुसते शिसे वितळायला ३२७ अंश. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे एकत्र केले, तर ते मिश्रण १८३ अंशांवरच वितळते. दोघे वेगळे असताना हट्टी, एकत्र आले की मऊ. साठ-चाळीसची तारही १९० अंशांच्या आसपास पूर्ण पातळ होते. पुऱ्या तळताना कढईतले तेल जवळपास तेवढेच तापलेले असते.

म्हणूनच हे मिश्रण कामाचे. बोर्डावरचे भाग नाजूक असतात. फार उष्णता त्यांना सोसत नाही.

शिसे विषारी आहे. म्हणून युरोपातल्या देशांनी १ जुलै २००६ पासून बहुतेक विजेच्या वस्तूंत शिशाचा डाख वापरणे बंद केले. पुढे आपल्या देशातही तसे नियम आले. त्यामुळे आज कारखान्यातल्या बोर्डावर पुष्कळदा बिनशिशाचा डाख असतो. तो सुमारे २२० अंशांवर वितळतो. दिसायला थोडा मळकट असतो. तुमच्या आयर्नला असा डाख लवकर दाद देत नाही. मग काका काय करीत? त्याच्यावर आपल्या तारेतला थोडा डाख टेकवीत. मिसळला की जुना डाखही पातळ होई.

राळेचे काम

कल्हईवाला आठवा. भांडे तापवतो. मग नवसागर टाकतो. पांढरा धूर निघतो. मग कथील फिरवतो आणि कापसाने पुसतो. नवसागर कशाला? भांड्यावरचा मळ जावा म्हणून. मळ असला तर कथील धरत नाही.

बोर्डाचेही तसेच आहे. तांबे हवेत राहिले की काळवंडते. देवाची तांब्याची भांडी आपण चिंचेने घासतो, ती यासाठीच. तापलेले तांबे तर आणखी लवकर काळवंडते. तेव्हा डाख देतानाच मळ काढणारे काही तरी हवे. ते काम राळ करते. राळ म्हणजे चिडाच्या झाडाचा चीक. डाखाची तार पोकळ असते, आणि त्या पोकळीत राळ भरलेली असते. तार वितळली की आधी राळ पसरते, तांबे साफ करते, आणि तिच्या मागोमाग डाख पसरतो.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. घागरीला डाख देणारा कारागीर अ‍ॅसिड वापरतो. घागरीला ते चालते. बोर्डाला चालत नाही. अ‍ॅसिड मागे राहते आणि तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. आज दुरुस्त झालेली वस्तू सहा महिन्यांनी बंद पडते, आणि कोणाला कारण कळत नाही. बोर्डाला फक्त राळेचीच तार घ्या.

सामान

सामान थोडेच लागते. पंचवीस वॅटचे आयर्न पुरे. टोक बारीक असावे. जाड टोकाचे, साठ-शंभर वॅटचे आयर्न भांड्यांसाठी असते. बोर्डावर ते वापरू नका. आयर्नला तीन पायांची पिन असलेले घ्या, आणि घरच्या बोर्डाला खरोखर अर्थिंग आहे का ते वायरमनकडून पाहून घ्या. आयर्न ठेवायला तारेचे स्टँड हवे. ओल्या फडक्याची घडी किंवा स्पंज हवा. एक लहान पक्कड, एक कटर, एक चिमटा. राळेची तार एक मिलिमीटर जाडीची किंवा त्याहून बारीक. आणि चुकलेला डाख परत ओढून घ्यायला एक छोटा पंप. पिचकारीसारखा असतो, पण उलटा. पिचकारी पाणी फेकते, हा पंप वितळलेला डाख ओढतो.

भिंग मात्र घ्याच. काका म्हणत, "हातानं अर्धं काम होतं. अर्धं डोळ्यानं."

पहिला दिवस

पहिल्या दिवशी काकांनी वहिनींना डाख देऊच दिला नाही. नुसते आयर्नचे टोक राखायला शिकवले. वहिनी कंटाळल्या. मलाही वाटले, म्हातारा उगीच वेळ काढतो आहे. नंतर कळले की सगळे तिथेच आहे.

टोक काळे पडले की ते उष्णता देत नाही. तव्याला जळलेल्या पिठाचा थर बसला तर भाकरी नीट भाजत नाही, तसे. आयर्न तापले की लगेच टोकाला थोडा डाख लावायचा. टोक चांदीसारखे चकाकले पाहिजे. मग ओल्या स्पंजावर एकदा पुसायचे, पुन्हा किंचित डाख लावायचा. काम करताना दर दोन-तीन डाखांनंतर पुसायचे. काम संपले की टोकाला भरपूर डाख लावून मगच बंद करायचे. म्हणजे थंड होताना त्यावर पांघरूण राहते. कानस मारून टोक साफ करू नका. वरचा लेप निघून जातो आणि टोकाला खड्डे पडतात. मी हे केले होते. एक टोक वाया गेले.

हात कसा चालवायचा

आता मुख्य गोष्ट. नवा माणूस काय करतो? आयर्नच्या टोकावर डाख घेतो. तो थेंब उचलून जोडावर नेतो आणि थापतो, लिंपण घातल्यासारखा. दिसायला सोपे वाटते. पण हे चूक आहे. टोकावर डाख घेतला की राळ तिथेच जळून जाते. जोडापर्यंत नुसता डाख पोचतो, राळ पोचत नाही. मळ तसाच राहतो आणि डाख वरवर बसतो.

भिंतीला गिलावा करताना गवंडी काय करतो? आधी भिंतीवर पाणी शिंपडतो. कोरड्या भिंतीवर गिलावा धरत नाही. बोर्डावर पाण्याच्या जागी उष्णता आहे. आधी जोड तापवा, मग डाख द्या.

काका असे सांगत. भागाचा पाय भोकातून काढा. मागे जरासा वाकवा म्हणजे भाग पडणार नाही. आता आयर्नचे टोक असे टेकवा की ते टिकलीलाही लागेल आणि पायालाही लागेल. दोघांना एकदम. नुसता पाय तापला तर डाख पायालाच चिकटतो. नुसती टिकली तापली तर टिकलीलाच. टेकवून मनात सावकाश एकदा "विठ्ठल" म्हणा. मग तार दुसऱ्या बाजूने आणा. तार आयर्नला लावू नका. तार जोडाला लावा. जोड तापला असेल तर तार आपोआप वितळेल आणि डाख पायाभोवती धावत जाईल. हे धावणे एकदा डोळ्यांनी पाहिले की विसरत नाही. पुरेसा डाख झाला की आधी तार काढा. पुन्हा एकदा "विठ्ठल" म्हणा. मग आयर्न काढा.

सगळे मिळून तीन-चार सेकंद. त्याहून जास्त नाही.

आणि आयर्न काढल्यावर? काही करू नका. हलवू नका. फुंकू नका. वहिनींना फुंकायची सवय होती, चुलीची. काकांनी दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा म्हणाले, "पोरी, ताक नाही ते." डाख थिजत असताना जोड हलला तर आत बारीक चिरा पडतात. वरून दिसत नाहीत.

डाख थंड झाला की पायाचे उरलेले टोक कटरने कापा. कापताना त्यावर बोट धरा, नाही तर ते उडून डोळ्यात जाते.

चांगला डाख कसा ओळखावा

पावसाळ्यात अळवाच्या पानावर पाणी पडते. थेंब गोल राहतो. पानाला चिकटत नाही. पान हलले की घरंगळतो. कच्चा डाख असाच दिसतो. गोल, फुगलेला, कडा आत वळलेल्या. तो टिकलीवर नुसता बसलेला असतो. तिला धरलेला नसतो. दादांच्या बॅटरीत हाच अळवावरचा थेंब होता.

पक्का डाख टेकडीसारखा दिसतो. वर निमुळता, खाली पसरट. कडा टिकलीवर अलगद उतरलेल्या. पायाचे टोक वर दिसत असते. टिकली सगळी झाकलेली असते. शिशाच्या तारेचा डाख असेल तर तो गुळगुळीत आणि चकचकीत दिसतो. बिनशिशाचा मुळातच मळकट असतो. म्हणून नुसत्या चकाकीवर जाऊ नका. उतार पाहा.

फार डाख घालणाऱ्याला वाटते, जास्त घातला म्हणजे जास्त पक्का. तसे नाही. मोठ्या गोळ्याच्या आत कच्चेपणा लपून राहतो. शिवाय डाख शेजारच्या टिकलीपर्यंत गेला तर दोन रेघांमधे पूल होतो. वीज नको त्या वाटेने जाते. कधी भाग जळतो, कधी सेल तापतो. असा पूल दिसला की आयर्न लावा, पंपाने ओढा, पुन्हा डाख द्या.

दुसरी चूक म्हणजे आयर्न फार वेळ टेकवून ठेवणे. टिकली बोर्डाला गोंदासारख्या थराने चिकटवलेली असते. फार तापली की सुटते. ही चूक मी केली. काकांच्या एका जुन्या रेडिओचा बोर्ड मला सरावाला दिला होता. डाख नीट बसेना म्हणून मी आयर्न तसेच धरून राहिलो. टिकली उचलून वर आली, वाळलेल्या खपलीसारखी. काका काही बोलले नाहीत. त्यांनी एक बारीक तार घेतली, रेघ जिथे शाबूत होती तिथपर्यंत नेली, आणि भागाचा पाय त्या तारेला जोडला. मग म्हणाले, "डाख बसत नसेल तर दाबू नये, धरून राहू नये. आयर्न काढावं. का बसत नाही ते बघावं. टोक काळं असेल, नाही तर पाय गंजलेला असेल." गंजलेला पाय ब्लेडने हलकेच खरवडायचा. मग डाख लगेच धरतो.

कोणता पाय कोणीकडे

डाख कितीही सुबक दिला तरी भाग उलटा बसवला तर उपयोग नाही. काही भाग कसेही बसवले तरी चालतात. रेझिस्टर तसा आहे. त्याच्या अंगावर रंगीत पट्टे असतात. ते पट्टे म्हणजे आकडे. काळा म्हणजे शून्य, तपकिरी म्हणजे एक, लाल म्हणजे दोन. पहिले दोन पट्टे आकडे सांगतात. तिसरा सांगतो की पुढे किती शून्ये घालायची. लाल, लाल, तपकिरी म्हणजे २२ आणि पुढे एक शून्य. २२०. वहिनींना हे फार आवडले. म्हणाल्या, "मी ग म भ न शिकले तेव्हा असंच वाटलं होतं. आधी नुसती चित्रं दिसायची."

बाकीच्या भागांना मात्र दिशा असते. डायोडच्या एका टोकाला पट्टा असतो. बोर्डावरही तसाच पट्टा छापलेला असतो. पट्ट्याकडे पट्टा. एलईडी दिव्याचा लांब पाय अधिकचा, आखूड पाय उण्याचा. डब्यासारखा गोल कपॅसिटर असतो, त्याच्या अंगावर ज्या बाजूला उण्याच्या खुणा छापलेल्या असतात तो पाय उण्याचा. हा उलटा बसवला तर फुगतो. कधी फुटतोही. म्हणून जुना भाग काढण्याआधी कागदावर त्याचे चित्र काढा. आता तर मोबाइलने फोटो घ्या. वहिनी दोन्ही करीत.

जपायचे काय

पहिली जपणूक विजेची. आमच्या बॅटरीसारख्या ज्या बॅटऱ्या सरळ भिंतीच्या बोर्डात खोचतात, त्यांच्या आतल्या बोर्डावर खोचल्यावर घरातली २३० व्होल्टची वीज येते. तेव्हा खोचलेली वस्तू कधीही उघडू नका. काढल्यावरही काही कपॅसिटर वीज धरून ठेवतात. थोडा वेळ जाऊ द्या. उघड्या तांब्याला बोट लावू नका. आतला सेल आधी सोडवा. मोबाइलमधे असतात तसल्या लिथियम सेलवर थेट आयर्न लावू नका. तो पेट घेऊ शकतो. त्याला आधीच पत्र्याच्या पट्ट्या लावलेल्या मिळतात. डाख त्या पट्टीला द्यावा.

दुसरी जपणूक शिशाची. डाख देताना शिशाची वाफ होत नाही, तेवढी उष्णता तिथे नसते. पण तार हाताळली की शिसे बोटांना लागते. बोटे तोंडात गेली की ते पोटात जाते. लहान मुलांना शिसे फार वाईट. त्यांच्या मेंदूला अपाय होतो. म्हणून स्वयंपाकाच्या ओट्यावर, जेवणाच्या जागेवर हे काम करू नका. गरोदर बाईने हे काम करू नये हे बरे. काम झाले की साबणाने हात धुवा. काकांच्या दुकानात एक गिऱ्हाईक तंबाखू मळता मळता तार चाळवत बसे. काकांनी त्याच्या हातातून तार काढून घेतली आणि म्हणाले, "तंबाखूनं मरायचं असेल तर मर. माझ्या दुकानातलं शिसं खाऊ नकोस."

तिसरा धूर. तो राळेचा असतो. रोज छातीत गेला तर दमा लागतो. खिडकी उघडी ठेवा. पंखा असा ठेवा की धूर तुमच्या तोंडावरून न येता बाजूला जाईल. जोडावर नाक खुपसून बसू नका. भिंग त्यासाठीच आहे.

आयर्न खाली पडले तर झेलायला जाऊ नका. सांगायला सोपे आहे. हात आपोआप पुढे जातो. वहिनींचा एकदा गेला. भाकरीचा हात असूनही महिनाभर डाग राहिला.

हे शिकलेल्यांचेच काम नाही

गावात काही जण म्हणाले, "चौथी नापास बाई बोर्ड काय दुरुस्त करणार?" तेव्हा काकांनी एक हकिकत सांगितली. राजस्थानात अजमेर जिल्ह्यात तिलोनिया नावाचे गाव आहे. तिथे १९७२ साली एक संस्था निघाली. तिला बेअरफूट कॉलेज, म्हणजे अनवाणी माणसांचे कॉलेज म्हणतात. तिथे खेड्यातल्या बायका सौर दिव्यांचे काम शिकतात. पुष्कळ जणी आज्या असतात. पुष्कळ जणींना लिहिता वाचता येत नाही. आफ्रिकेतल्या देशांतूनही बायका आल्या. एकीची भाषा दुसरीला कळत नाही. तरी सहा महिन्यांत त्या बोर्डावर भाग बसवायला, डाख द्यायला, दिवा दुरुस्त करायला शिकतात. रंगांवरून आणि खुणांवरून. मग आपापल्या गावी जाऊन दिवे लावतात.

वहिनींनी ही हकिकत ऐकली आणि फक्त विचारले, "त्या किती डाख देत असतील दिवसाला?" घरी आल्यावर त्यांनी सराव वाढवला. जुन्या बोर्डावरचे भाग काढायचे, भोके साफ करायची, पुन्हा बसवायचे. रोज पन्नास डाख. दर डाख भिंगाखाली पाहायचा. अळवावरचा थेंब निघाला तर तो ओढून पुन्हा द्यायचा. पहिल्या दिवशी पन्नासातले तीसेक थेंबच होते. महिन्याने दोन-तीन.

पुन्हा तीच बॅटरी

दिवाळीच्या सुमारास दादांची बॅटरी पुन्हा मिचकावू लागली. काकांनी लाल तारेचा डाख पक्का केला होता, तो तसाच होता. मग कच्चे काय?

दादा म्हणाले, "बाजाराच्या दिवशी काकांकडे द्या."

वहिनी म्हणाल्या, "आज रात्रीची पाळी आहे. बाजार चार दिवसांनी."

त्यांनी बॅटरी उघडली. सेल सोडवला. बोर्डावर एकूण एकवीस डाख होते. त्यांनी भिंगाखाली एकेक पाहिला आणि लाकडी काडीने एकेक पाय हलवून पाहिला. बटणाचा एक पाय हलला. बटण रोज दाबले जाते, म्हणून तिथे जोर येतो. डाखाभोवती केसाएवढी गोल चीर होती. शेजारचा आणखी एक डाख फुगीर होता. तो हलत नव्हता, पण कडा आत वळलेल्या होत्या.

वहिनींनी दोन्ही डाख पंपाने ओढून काढले. बटणाचा पाय मळका होता, तो खरवडला. टोक पुसले. पाय आणि टिकली दोन्ही तापवली. तार दिली. डाख धावला. त्यांनी आयर्न काढले आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. फुंकले नाही.

थंड झाल्यावर पुन्हा भिंग. मग सेल जोडला. दिवा लागला. वहिनींनी ती बॅटरी तळहातावर वीस वेळा जोरात आपटली. बटण पन्नास वेळा दाबले. मग अंधाऱ्या कोठीत पाऊण तास पेटती ठेवली. मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पण आपटून बघा." मी आपटली. विझली नाही.

रात्री साडेअकराला वीज आली. दादांनी फावडे खांद्यावर टाकले, बॅटरी उचलली, सवयीने तिला एक थापड मारली, आणि मळ्याकडे निघाले. वहिनी दारात उभ्या होत्या. उजेड बांधावरून वळेपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या.